अळिंबीचे बी आणि अळिंबीचे बेणे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी अळिंबी वाढवायला निघालेला जवळपास प्रत्येक जण मला पहिला प्रश्न एकच विचारतो : ‘याचे बी कोठे मिळते?’ प्रश्न साधा आहे, परंतु उत्तर देताना दरवेळी माझी अडचण होते, कारण विचारणाऱ्याच्या मनात ‘बी’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू एकत्र आलेल्या असतात. एक म्हणजे अळिंबीच्या छत्रीखालून धुळीसारखे झडणारे बीजाणू, आणि दुसरी म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेले बुरशीचे पांढरे तंतू, ज्यांना लागवड करणारे ‘स्पॉन’ म्हणतात आणि छापील मजकुरात ज्यांचा उल्लेख सर्रास ‘अळिंबीचे बियाणे’ असा होतो. या दोहोंतील फरक न कळल्यामुळे अनेकांचे आणि एकेकाळी माझेही महिनेच्या महिने वाया गेले आहेत, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

खरे तर हा फरक सांगणारे शब्द मराठीत आधीपासूनच आहेत. दाणा पेरून जे उगवते त्याचे बी असते. कांडी, कंद किंवा मुनवा लावून जे उगवते त्याचे बेणे असते. बीपासून येणारे रोप दोन्हीकडच्या गुणांची नवी सरमिसळ घेऊन येते, तर बेण्यापासून येणारे रोप म्हणजे जुन्याच रोपाचा पुढे वाढलेला तुकडा असतो. कोयीतून उगवलेले झाड कसे निघेल ते फळ धरेपर्यंत सांगता येत नाही आणि कलमाचे झाड मूळ झाडासारखेच निघते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अळिंबीची निम्मी गोष्ट आधीच कळलेली आहे. स्पॉन हे या अर्थाने बियाणे नसून बेणे आहे. बीजाणूलाही बी म्हणणे तितकेसे बरोबर नाही, कारण बीमध्ये तयार गर्भ आणि त्याच्यासाठी साठवलेले अन्न असते, तर बीजाणू ही एकच पेशी असते, तिची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते आणि बरोबरची शिदोरी जवळजवळ नसतेच.

आपण जिला अळिंबी म्हणतो ती मुळात त्या बुरशीचे फळ आहे. खरी बुरशी लाकडात, पेंढ्यात किंवा कुजलेल्या पाल्यात पसरलेल्या तंतूंच्या जाळ्याच्या रूपात राहते; या जाळ्याला कवकजाल म्हणतात. ओलावा, हवा आणि तापमान जुळून आले की हेच तंतू एकत्र येऊन, एकमेकांत गुंफून छत्री उभी करतात. म्हणजे अळिंबीचा देठ आणि छत्री हे कवकजालाहून वेगळे काही नसते, ते घट्ट विणलेले कवकजालच असते. या एका गोष्टीवर क्लोन करण्याची सगळी पद्धत उभी आहे : ताज्या अळिंबीच्या आतील गराचा तांदळाएवढा तुकडा काढून त्याला निर्जंतुक अन्नावर ठेवले, तर त्यातील पेशी छत्री असल्याचे विसरून पुन्हा तंतू होऊन पसरू लागतात. प्राण्यांच्या मांसाचा तुकडा असे करीत नाही, आणि वनस्पतीच्या तुकड्याला त्यासाठी बहुधा संप्रेरकांची मदत लागते. अळिंबीला काहीच लागत नाही. पहिल्यांदा हे डोळ्यांनी पाहिले तेव्हा मला झालेला आनंद मी आजही विसरलेले नाही.

बीजाणूंची गोष्ट वेगळी आहे. छत्रीच्या खालच्या पातळ पापुद्र्यांवर, ज्यांना कल्ले म्हणतात, सूक्ष्म गदेसारख्या पेशी असतात आणि बहुतेक जातींत अशा प्रत्येक पेशीवर चार बीजाणू तयार होतात. कवकजालाच्या पेशीत तोपर्यंत दोन स्वतंत्र केंद्रके शेजारी शेजारी नांदत असतात. ती या गदेत एकरूप होतात, लगेच त्यांचे विभाजन होते, गुणसूत्रांची फेरवाटणी होते आणि प्रत्येक बीजाणूच्या वाट्याला एकच संच येतो. असा बीजाणू रुजला, तर त्याचे तंतू वाढतात, पण धिंगरीसारख्या (ऑयस्टर मशरूमसारख्या) जातीत एकट्या बीजाणूच्या तंतूंना सहसा छत्री येत नाही. त्यांना जुळणाऱ्या प्रकारचे दुसरे तंतू भेटावे लागतात. धिंगरी आणि शिटाके या जातींत ही जुळणी दोन स्वतंत्र जनुकस्थानांवर ठरते, त्यामुळे एकाच छत्रीतून पडलेले कोणतेही दोन बीजाणू घेतले, तर ते जुळण्याची शक्यता सरासरी चारांत एक इतकीच असते. बटण अळिंबीचा प्रकार आणखी निराळा आहे : तिच्या बहुतेक गदांवर चारऐवजी दोनच बीजाणू येतात, प्रत्येकात दोन केंद्रके शिरतात आणि त्यामुळे तिचा एकटा बीजाणूही बहुधा फळ देऊ शकतो. एका जातीवरून दुसऱ्या जातीचा नियम बांधता येत नाही, तो असा.

आता घरच्या लागवडीसाठी याचा अर्थ काय, ते पाहू. बीजाणूंचा ठसा घेऊन त्यातील चिमूटभर अन्नावर टाकले की हजारो बीजाणू रुजतात, हजारो तंतू एकमेकांना भेटतात आणि शेकडो वेगवेगळ्या जोड्या एकाच बशीत तयार होतात. त्यांपैकी काही जोमदार असतात, काही मंद असतात, काहींना भरपूर छत्र्या येतात आणि काही नुसता कापसासारखा फुगवटा धरून बसतात. कोणती जोडी पुढे सरकली हे बशीकडे पाहून सांगता येत नाही. उलट क्लोन घेतला, तर ज्या छत्रीवर आपली नजर ठरली होती, तिचीच दोन्ही केंद्रकांची जोडी जशीच्या तशी पुढे येते. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की घरी लागवड करणाऱ्याने आधी क्लोन करायला शिकावे आणि बीजाणूंच्या वाटेला त्यानंतर जावे. बहुतेक जण नेमके उलट करतात. बीजाणूंचा ठसा घेणे सोपे असते, तो दिसतो सुंदर, आणि ‘बी’ हाती लागल्याचे समाधान मिळते. पुढचे सगळे कष्ट मात्र त्या ठशात दडलेले असतात.

मीही हेच केले होते. धिंगरीच्या छत्रीचा ठसा कागदावर घेतला, तो उकळून गार केलेल्या पाण्यात कालवला आणि ते पाणी धान्याच्या चार बाटल्यांत सोडले. आठवडाभरात चारही बाटल्यांत हिरवी बुरशी आली. दुसऱ्या खेपेस दोन बाटल्या हिरव्या झाल्या आणि उरलेल्या दोहोंत आंबूस वासाचा चिकट ओलावा धरला, जो जिवाणूंचा असतो. दोष माझ्या स्वच्छतेत होता, पण केवळ तेवढाच नव्हता. छत्रीचा खालचा भाग उघड्या हवेत वाढलेला असतो, म्हणून ठसा कितीही काळजीने घेतला, तरी बीजाणूंबरोबर इतर बुरशींचे आणि जिवाणूंचे कण त्यावर पडतातच. अळिंबीचा बीजाणू रुजायला काही दिवस घेतो; हिरवी बुरशी, म्हणजे बहुधा ट्रायकोडर्मा, तेवढ्या वेळात सगळी बाटली व्यापते. धान्यावर थेट बीजाणू सोडले, तर ही शर्यत आपण हरण्याचीच शक्यता जास्त असते, आणि हरलो हे कळेपर्यंत बाटली हातची गेलेली असते. अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या गोठवलेल्या अन्नाच्या, बशीवर तेच बीजाणू टाकले असते, तर घाण कोठे आहे ते दिसले असते आणि तिच्यापासून दूरचा स्वच्छ तुकडा उचलता आला असता. अगार ही वाचता येणारी पाटी आहे, बाटलीतील धान्य ही बंद पेटी आहे.

अगारचा उल्लेख आला म्हणून एक आठवण नोंदवते. आज जगभरच्या प्रयोगशाळा समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या ज्या अगारवर चालतात, तो सूक्ष्मजीव वाढवण्यासाठी वापरण्याची कल्पना 1881च्या सुमारास फॅनी हेस या बाईंनी सुचवली; स्वयंपाकात जेली घट्ट करण्यासाठी त्या तो वापरीत आणि उन्हाळ्यात जिलेटिन वितळते म्हणून प्रयोगशाळेत त्रस्त झालेल्या आपल्या पतीला त्यांनी तो उपाय सांगितला. झाकणाची काचेची बशी ज्यूलियस पेट्री यांनी 1887 मध्ये आणली. अळिंबीच्या बाबतीत 1890च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बीजाणू रुजवून शुद्ध बेणे तयार झाले, आणि 1905 मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर यांनी छत्रीच्या गरातून थेट संवर्धन, म्हणजे बशीत किंवा नळीत वाढवलेले कवकजाल, काढण्याची सोपी पद्धत मांडली. घरच्या टेबलावर आज आपण जे करतो ते मूलतः त्यांचेच आहे.

क्लोन घेण्याची रीत मी करते तशी सांगते. अळिंबी तरुण असावी, तिच्या छत्रीची कड अजून आत वळलेली असावी, आणि ती पाण्याने भिजलेली नसावी, कारण भिजलेल्या गरात जिवाणू शिरलेले असतात. शक्य असेल तर आपल्याच पिशवीतील सर्वांत आधी आलेली, सर्वांत भरदार जुडी निवडावी. अन्न म्हणून एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम माल्ट अर्क आणि 20 ग्रॅम अगार पुरतो. माल्ट मिळत नसेल, तर 200 ग्रॅम बटाटे उकळून गाळलेल्या पाण्यात 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज व तेवढाच अगार घालून पाणी लिटरभर करतात. हे मिश्रण प्रेशर कुकरमध्ये 15 पौंड दाबाखाली, म्हणजे सुमारे 121 अंश सेल्सिअसवर, 20 ते 30 मिनिटे ठेवावे आणि 45 ते 50 अंशांपर्यंत उतरल्यावर बशांत ओतावे. त्याहून गरम ओतले, तर झाकणाखाली वाफेचे थेंब साचतात आणि तेच थेंब पुढे घाण एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेतात.

पुढचे काम वारा नसलेल्या ठिकाणी करायचे असते. मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीला हात जातील एवढी दोन भोके पाडून ती उपडी ठेवली की स्थिर हवेची पेटी तयार होते. पंखा बंद, खिडक्या बंद, हात आणि पेटी 70 टक्के अल्कोहोलने पुसलेली. शुद्ध अल्कोहोलपेक्षा 70 टक्क्यांचे अधिक चांगले काम करते, कारण त्यातील पाण्यामुळे ते जंतूंच्या पेशीत नीट शिरते आणि लवकर उडूनही जात नाही. येथे एक गोष्ट निक्षून सांगते : अल्कोहोलने पुसलेल्या पेटीत स्पिरिटचा दिवा कधीही लावू नये. बंद जागेत अल्कोहोलची वाफ साचलेली असते आणि ती क्षणात पेट घेते. पाते तापवायचे असेल, तर पेटीच्या बाहेर, अल्कोहोल पूर्ण सुकल्यावर आणि बाटली दूर ठेवून तापवावे.

अळिंबी सुरीने कापू नये, देठापासून उभी फाडावी. सुरी बाहेरची घाण आत ओढत नेते; फाडल्यावर जो आतला पृष्ठभाग उघडा पडतो, तो आजवर हवेला लागलेला नसतो. देठ छत्रीला मिळतो त्या जागेच्या गाभ्यातून तापवून गार केलेल्या टोकदार पात्याने तांदळाएवढा तुकडा उचलावा आणि बशीच्या मध्यभागी ठेवून झाकण लावावे. एकाच अळिंबीचे असे चार-पाच तुकडे वेगवेगळ्या बशांत घ्यावेत, कारण त्यांपैकी एक-दोन बिघडणारच हे धरून चालणे बरे. धिंगरीचा तुकडा साधारण 25 अंशांवर दोन ते चार दिवसांत पांढरी लव धरतो आणि आठ-पंधरा दिवसांत बशी भरतो. आता खरे कौशल्य लागते ते वाट पाहण्याचे आणि पारखण्याचे. तुकड्याजवळचा भाग न घेता वाढीच्या बाहेरच्या कडेचा छोटासा चौकोन नव्या बशीत हलवावा, कारण कडेचे तंतू घाणीच्या पुढे धावून गेलेले असतात. असे एक-दोनदा हलवले, की बहुधा शुद्ध संवर्धन हाती येते. मगच ते धान्यावर घ्यावे. धान्य भिजवून, उकडून, वरून कोरडे करून बाटलीत भरावे आणि 15 पौंड दाबाखाली किमान दीड तास ठेवावे. अगारला वीस मिनिटे पुरतात आणि धान्याला पुरत नाहीत, याचे कारण दाण्याच्या आत दडलेले जिवाणूंचे बीजाणू उष्णतेला फार चिवट असतात आणि बाटलीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायलाही वेळ लागतो.

ज्यांच्याजवळ कुकर नाही, अगार नाही, त्यांनी निराश होऊ नये. धिंगरीच्या देठाचा खालचा, कवकजाल चिकटलेला भाग फेकून न देता तो उभा चिरून, उकळत्या पाण्यात भिजवून निथळलेल्या खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याच्या थरांत ठेवला आणि डबा सैल झाकून अंधारात ठेवला, तर बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत पुठ्ठाभर पांढरे तंतू पसरतात. पुठ्ठ्यात साखर किंवा पिष्ट फारसे नसल्यामुळे हिरव्या बुरशीला तेथे तितकेसे फावत नाही, आणि लाकूड खाणाऱ्या धिंगरीला मात्र तो मानवतो. हा पुठ्ठा फाडून उकळत्या पाण्याने प्रक्रिया केलेल्या पेंढ्यात बेणे म्हणून घालता येतो. ही पद्धत खात्रीची नाही, बटण अळिंबीला ती लागू पडत नाही, पण क्लोन म्हणजे काय हे हाताला कळण्यासाठी मला तिच्याइतके चांगले साधन दुसरे दिसत नाही.

मग बीजाणू गोळा करायचेच नाहीत का? जरूर करावेत, पण कशासाठी ते ओळखून. नवा वाण शोधायचा असेल, तर बीजाणूंवाचून गत्यंतर नाही. क्लोन जुन्यातून नवे काढू शकत नाही. दीर्घकाळ साठवण करायची असेल, तरी कोरडा ठसा उपयोगी पडतो. ठशाची रीत सोपी आहे : उघडलेल्या छत्रीचा देठ कापून ती कल्ले खाली करून अल्कोहोलने पुसलेल्या काचेवर किंवा ॲल्युमिनियमच्या पत्रीवर ठेवावी, वर वाटी झाकावी आणि सहा ते चोवीस तास हलवू नये. कल्ल्यांच्या रेघांचे हुबेहूब चित्र खाली उमटते. बीजाणू नुसते वजनाने गळत नाहीत. प्रत्येकाच्या बुडाशी पाण्याचा सूक्ष्म थेंब साचतो, तो बीजाणूच्या अंगावरील ओलाव्यात एकदम मिसळतो आणि त्या धक्क्याने बीजाणू कल्ल्यापासून अलग फेकला जातो. ब्रिटिश-कॅनेडियन शास्त्रज्ञ बुलर यांनी या थेंबाचा अभ्यास केला, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. त्यांनीच एका मोठ्या गोलाकार पफबॉलमध्ये सुमारे 7 लाख कोटी बीजाणू असल्याचा हिशेब मांडला होता. इतके बीजाणू असूनही जमीन पफबॉलने भरून जात नाही, यावरून एकेका बीजाणूच्या यशाची शक्यता किती थोडी असते हे लक्षात यावे. ठसा पूर्ण सुकवून, पत्री दुमडून, कोरड्या व थंड जागी ठेवावी. दमट ठसा आठवड्यात बुरसटतो.

ठशाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला लागवडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. बीजाणूंचा रंग हा जात ओळखण्याच्या मुख्य खुणांपैकी एक आहे. ‘पेंढ्यावरची अळिंबी’ (पॅडी स्ट्रॉ मशरूम) या धिंगरीहून वेगळ्या जातीच्या देठाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण असते, तसेच ते अतिविषारी अमानिटाच्याही बुडाशी असते, आणि कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात. पेंढ्यावरच्या अळिंबीचा ठसा गुलाबी येतो, अमानिटाचा पांढरा येतो. गवतात उगवणाऱ्या आणि अनेकांना विषबाधा करणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा चक्क हिरवट येतो. परंतु याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. ठशाचा रंग एखादी शंका पक्की करू शकतो, अळिंबी खाण्याजोगी असल्याची ग्वाही तो देत नाही. धिंगरीचा ठसाही पांढराच असतो. रानात सापडलेली छत्री क्लोन करून वाढवू, मग पाहू, असा विचार करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की जाणकाराकडून नक्की ओळख पटल्याशिवाय तिचा तुकडाही बशीत घेऊ नये. क्लोन केल्याने विष कमी होत नाही, आणि अमानिटाचे विष शिजवल्यानेही जात नाही.

रानातील आवडत्या छत्र्यांबाबत आणखी एक निराशा आधीच सांगून ठेवलेली बरी. ज्या बुरशी जिवंत झाडांच्या मुळांशी जोडलेल्या असतात, जशा शँटरेल, बोलेटस आणि ट्रफल, त्यांचा क्लोन बशीत कधी वाढतो, कधी वाढत नाही, पण पेंढ्याच्या पिशवीत त्यांना फळ येत नाही. वाळवीच्या वारुळातून उगवणाऱ्या छत्रीचेही तसेच आहे. तिला वाळवीने सांभाळलेली बाग लागते. घरी वाढतात त्या मेलेले लाकूड, पेंढा किंवा कुजलेले खत खाणाऱ्या जाती.

आरोग्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. धिंगरी फार मोठ्या प्रमाणात बीजाणू सोडते आणि बंद खोलीत ते वारंवार श्वासावाटे गेले, तर काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीमुळे सूज येते. ताप, कोरडा खोकला आणि धाप ही तिची लक्षणे असतात आणि अळिंबी उत्पादकांमध्ये हा आजार चांगलाच परिचित आहे. झोपण्याच्या खोलीत पिशव्या टांगू नयेत, छत्रीची कड सपाट होण्याआधीच तोडणी करावी, आणि ठसे घेताना किंवा पिशव्या हाताळताना नाकातोंडावर चांगला मास्क असावा. बिघडलेली बाटलीही घरात उघडून हुंगू नये, ती बंदच ठेवून कुकरमध्ये घालावी आणि मग टाकावी. हिरव्या-काळ्या बुरशींत ॲस्परजिलससारख्या घातक जातीही असतात.

आपल्या परिसरात नसलेल्या जातीचे बीजाणू किंवा क्लोन दुरून मागवणाऱ्यांनीही थोडे थांबावे. पूर्व आशियातील सोनेरी धिंगरी लागवडीसाठी उत्तर अमेरिकेत नेली गेली, तेथून ती निसटली, आणि आज तेथील अनेक जंगलांत मेलेल्या झाडांवर ती इतकी फोफावली आहे की त्याच लाकडावर जगणाऱ्या स्थानिक बुरशींना जागा उरत नाही, असे अभ्यासकांना आढळले आहे. एका छत्रीतून कोट्यवधी बीजाणू उडतात आणि खिडकीची जाळी त्यांना अडवत नाही. वापरून झालेला पेंढा उघड्यावर टाकण्याआधी उकळून घेण्याचे कष्ट त्यामुळेच घ्यावेत, आणि जवळपास आपोआप उगवणाऱ्या जातीचा क्लोन मिळत असेल, तर तोच आधी निवडावा. तो आपल्या हवेला आधीच सरावलेला असतो, हा त्याचा वेगळा फायदा.

शेवटी क्लोनच्या म्हातारपणाबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल नवख्यांना कोणीच सांगत नाही. क्लोन म्हणजे अमरपट्टा नव्हे. एका बशीतून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे हलवत राहिले, की कालांतराने वाढ मंदावते, बशीत पाचरीसारखे वेगळे दिसणारे पट्टे पडतात आणि छत्र्या कमी व वेड्यावाकड्या येऊ लागतात. पेशीविभाजनागणिक लहान लहान चुका साठत जातात, आणि एखादा विषाणू असेल, तर तोही क्लोनबरोबर पुढे सरकतो. म्हणून पहिले शुद्ध संवर्धन मिळताच त्याच्या चार-सहा परीक्षानळ्या तिरप्या अगारवर भरून फ्रिजमध्ये सुमारे 4 अंशांवर ठेवाव्यात, आणि रोजच्या कामासाठी त्यांतली एकच काढावी. पेंढ्यावरच्या अळिंबीला मात्र हा नियम लावू नये, कारण फ्रिजच्या थंडीत तिचे तंतू मरतात. तिला खोलीच्या तापमानाच्या आसपासच ठेवावे लागते. पहिल्या हिवाळ्यात मला हे माहीत नव्हते आणि तिचे एकुलते एक संवर्धन मी स्वतःच्या हाताने फ्रिजमध्ये ठेवून घालवले.

प्रत्येक नळीवर आणि बशीवर जात, कोणत्या छत्रीपासून घेतली, तारीख, आणि मूळ तुकड्यापासून कितव्यांदा हलवली तो आकडा, इतके लिहिलेले असावे. बीजाणूंपासून आले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे, क्लोनपासून आले असेल, तर तसे. दुसऱ्याला बेणे देतानाही ही चिठ्ठी बरोबर द्यावी, कारण घेणाऱ्याला पिशवी भरली नाही, तर दोष त्याच्या पेंढ्याचा की आपल्या बाराव्या फेरीतल्या थकलेल्या बेण्याचा, हे त्या चिठ्ठीवाचून त्याला कधीच कळणार नाही. आपल्या वृत्तपत्रात अळिंबीविषयी मजकूर येईल तेव्हा स्पॉनसाठी ‘बेणे’ आणि छत्रीतून झडणाऱ्या धुळीसाठी ‘बीजाणू’ हे शब्द कटाक्षाने वापरावेत, एवढी आपणांस विनंती आहे.

कळावे,
आपली नम्र,
घरी अळिंबी वाढवणारी एक वाचक